मागील इतिवृत्त वाचून कायम करणे

कोलशेतहून खाडीमार्गे कल्याणला जाता येईल, ही बातमी ठाणेकर गेली दहा वर्षे अधूनमधून वाचतात. दर वेळी ती नव्याने सांगितली जाते. कोणी मंत्री पाहणी करतो, कोणी लोकप्रतिनिधी निवेदन देतो, वर्तमानपत्रात नकाशा छापून येतो. मागच्या वेळी हा विषय कुठवर आला होता आणि कशामुळे अडला, ते मात्र कोणी सांगत नाही. तेवढ्यासाठी हा मागोवा.

जुना विषय पुन्हा काढण्यात गैर काहीच नाही. काढणाऱ्याला ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून हिणवण्याची आपल्याला सवय आहे, पण ती मला अन्यायाची वाटते. ठाण्यातली कितीतरी कामे कोणीतरी चिवटपणे विषय धरून ठेवला म्हणूनच झाली. मात्र विषय पुन्हा काढण्याची एक रीत आहे आणि ती आपल्या सार्वजनिक जीवनात मुरलेली आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपासून महापालिकेच्या महासभेपर्यंत सुरुवात मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यानेच होते. आधी काय ठरले, कोण काय बोलले, काय राहिले हे सर्वांसमोर आले की मगच पुढचे बोलायचे.

खाडीच्या बाबतीत हे इतिवृत्त फार मागे जाते. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाड्यांच्या आधाराने जहाजबांधणी सुरू केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि खाडीवरची वाहतूक हळूहळू मागे पडत गेली. आमच्या कोलशेतच्या काठावर पुढे रेतीचा व्यवसाय वाढला, रस्त्याच्या बाजूला रसायनांचे कारखाने आले. आता त्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि काठावर गणेश विसर्जनाचा घाट आहे.

आताच्या प्रकरणाला अधिकृत बळ मिळाले ते २०१६ मध्ये. त्या वर्षी १२ एप्रिलला राष्ट्रीय जलमार्ग कायदा अमलात आला. देशातले १११ जलमार्ग त्यात आले आणि वसईची खाडी व उल्हास नदी मिळून होणारा कल्याण-ठाणे-मुंबई मार्ग ५३ व्या क्रमांकावर नोंदला गेला. ठाणे महापालिकेने पुढाकार घेऊन प्रकल्प अहवाल करून घेतला. वसई, मीरा-भाईंदर, घोडबंदर, नागला बंदर, कोलशेत, काल्हेर, पारसिक, अंजूर-दिवे, डोंबिवली, कल्याण असे दहा थांबे आखले गेले. त्यांतले मीरा-भाईंदर, कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली हे चार पहिल्या टप्प्यात घ्यायचे ठरले.

नंतर मधली काही वर्षे हे सगळे विचारण्याची जागाच उरली नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सभागृह नाही म्हणजे इतिवृत्त वाचणे नाही, आणि ‘त्या विषयाचे काय झाले’ असे उठून विचारणारा नगरसेवकही नाही. विषय वारंवार नवा होऊन येण्याचे एक मोठे कारण मला यातच दिसते. कागद कार्यालयात असतीलही, पण चार लोकांसमोर ते मोठ्याने वाचले गेले नाहीत.

वाचले असते तर काही अडचणी लगेच पुढे आल्या असत्या. खाडी भरती-ओहोटीची आहे. ओहोटीला काठ चिखलाने उघडा पडतो, त्यामुळे गाळ काढण्याचा खर्च एकदाच करून भागत नाही. काठावर तिवरे आहेत. उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशात आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिवरांना संरक्षण दिले आहे, सार्वजनिक कामासाठीही ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. वाटेत पूल आहेत, त्यांच्याखालून कोणत्या उंचीची बोट जाईल हे पाहावे लागते. आणि मला सर्वांत मोठी वाटणारी अडचण जमिनीवर आहे. कोलशेतला उतरलेला माणूस ठाणे स्टेशनला कसा जाणार? कोलशेत रोड, कापूरबावडी, माजिवडा ही वाट संध्याकाळी कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बोटीत वाचलेला वेळ रिक्षात गेला तर प्रवासी दुसऱ्या दिवशी येणार नाही.

शेजारचे अनुभवही या इतिवृत्तात हवेत. नव्वदच्या दशकात मुंबई-नवी मुंबईदरम्यान हॉवरक्राफ्ट धावले आणि बंद पडले. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरहून मोठ्या समारंभाने वॉटर टॅक्सी सुरू झाली, पण लोकलच्या मानाने भाडे इतके जास्त होते की रोजचा नोकरदार तिच्याकडे वळला नाही. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये याच खाडीच्या मुखाशी वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. दोन्ही काठ समोरासमोर, रस्त्याने मात्र मोठा वळसा, आणि गाडी बोटीवर चढवून नेता येते. लोकांची गरज तिथे स्वच्छ दिसत होती. मग कोलशेतहूनही आधी समोरच्या काल्हेरला जाण्याचा विचार का करू नये? कल्याणचा लांबचा पल्ला नंतर पाहता येईल. आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा मार्ग काल्हेरवरूनच जातो. म्हणजे २०१६ ची प्रवाशांची गणिते आज तशीच्या तशी वापरता येणार नाहीत, ती पुन्हा मांडावी लागतील.

आणखी एक राहते. या विषयावर बोलण्याचा पहिला हक्क काठावरच्या आगरी-कोळी वस्त्यांचा आहे. कुठल्या भरतीला कुठवर पाणी चढते, गाळ कुठे साचतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. धक्का झाला तर त्यांच्या होड्या कुठे लागणार, जाळी कुठे पडणार, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणताही अहवाल पुरा होत नाही.

हे लिहीत असताना कोलशेतहून कल्याणला प्रवासी बोट जात नाही. विषय पुन्हा निघेल आणि निघायलाही हवा. जो कोणी तो काढेल त्याला एवढीच विनंती: निवेदनाच्या पहिल्या पानावर २०१६ पासूनच्या तारखा, झालेला खर्च, मिळालेल्या आणि अडलेल्या परवानग्या आणि आधी ज्यांनी हे काम केले त्यांची नावे द्या. तुमची मागणी दुसऱ्या पानापासून लिहा.