भिरंडीचे माहेर

पावसाळा तोंडावर आला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची खरेदी सुरू झाली, की सुकी मासळी, मिरच्या व कांदे यांच्या शेजारी काळसर सोलांचे ढीग दिसू लागतात. सोलांवाचून कढी नाही. मग घर हिंदूचे असो वा ख्रिस्ती माणसाचे. ही सोले, म्हणजेच आमसुले, ज्या झाडाची, त्या भिरंडीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

वनस्पतिशास्त्रात भिरंड ‘गार्सिनिया’ या प्रजातीत मोडते. १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरील ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता यांचे हे नाव असावे, असे सहज वाटते. ओर्तांनी भिरंडीचा उल्लेख केला आहे खरा. परंतु लिनियसने हे नाव ठेवले ते लोराँ गार्सँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. या प्रजातीत शेकडो जाती असून त्या आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण व आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि अमेरिकेचा उष्ण प्रदेश येथवर पसरल्या आहेत. मलायातील मंगुस्तान हे भिरंडीचे गोड भावंड, तर केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडंपुळी हे आंबट.

प्रजातीचा संसार असा विस्तीर्ण असला, तरी आपल्या भिरंडीचे माहेर मात्र चिंचोळे आहे. सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याची कोकण, गोवा, कारवार ते उत्तर केरळ ही पट्टी, एवढेच. पेडणे व डिचोली भागांत ओहोळांच्या काठी, कुळागरांच्या कडेला ती आपोआप उगवते. म्हणूनच तिची किंमत आपणांस कळत नाही. काजू ब्राझीलहून आला. येथील काजू नष्ट झाला, तर त्याचे बी पुन्हा तिथून आणता येईल. भिरंडीचे बी मागावयास दुसरा देश नाही.

भिरंडीत नर व मादी झाडे निराळी असतात. बियांपासून वाढलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते कळावयास सात-आठ वर्षे लागतात. साहजिकच बागायतदार कंटाळतो. यावर उपाय कलमांचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही निवडक जात दिली. मादी झाडाचे कलम लावले, की फळ निश्चित येते आणि लवकर येते.

कलमे अवश्य लावावीत. पण एका झाडाची सारी कलमे गुणांनी एकसारखी असतात. फळाचा आकार, रंग, आंबटपणा यांची विविधता टिकते ती रानातल्या बियांच्या झाडांत. रस्त्यासाठी वा घरासाठी ती तोडली, तर उद्याचे उत्तम कलम निवडायचे कोठून?

सोले करून उरलेल्या बियांचे भिंडेल आपण काढतो व टाचांच्या भेगांना लावतो. त्यांतल्या मूठभर बिया ताज्या असतानाच ओहोळाकाठी पेराव्यात. त्यांतून येणारी काही झाडे नर निघतील. तीही राहू द्यावीत.