रस्त्यावर वाटा कोणाचा?

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ साली सायकल आराखड्यास मान्यता दिली. कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती जागेच्या वाटपात. रस्त्याची रुंदी ही मर्यादित सार्वजनिक संपत्ती होय. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. तरीही मोटार बहुधा फुकट उभी राहते आणि पादचाऱ्यास पदपथ सोडून रहदारीत उतरावे लागते.

या सवलतीची किंमत प्राणांनी मोजली जाते. २०२२ साली देशातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ३३ हजार पादचारी होते. निर्वेध पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. परंतु तुटक पदपथ म्हणजे मधली कमान नसलेला पूल. तेव्हा मोटारी उभ्या करण्याचे रास्त शुल्क घ्यावे आणि त्यातून सलग पदपथ व स्वतंत्र सायकलमार्ग उभारावेत. ज्याच्यापाशी वाहन नाही त्याचाही रस्त्यावर वाटा आहे, हे धोरणात नव्हे, अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.