या वयात कसला योग? खुर्ची आणि भिंत असली तरी पुरे!

दिवाळीच्या सुमारास परभणीच्या सोनपेठ, गंगाखेड भागातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघतात. घरी उरतात आजी-आजोबा आणि नातवंडं. अशा घरात आजी न्हाणीत घसरून पडली, तर प्रश्न फक्त मोडलेल्या हाडाचा नसतो. घर कोण सांभाळणार, हाही असतो.

व्यायामाने पडणं टळतं का?
बऱ्याच अंशी. २०१९ मध्ये कॉक्रनने १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. यात सर्वात भक्कम पुरावा तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा आहे. त्याच वर्षी योगावरच्या २२ चाचण्या तपासल्या गेल्या. साठीपुढच्या लोकांचा तोल, पायांची ताकद आणि झोप सुधारली, उदासी कमी झाली.

हे घडतं कसं?
डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूला मिळणारी जाणीव, या तिघांवर आपला तोल टिकतो. वयानुसार तिन्ही मंदावतात. त्यात एकदा पडलं की भीती बसते, हालचाल कमी होते, स्नायू आणखी सुकतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. श्वासाकडे लक्ष देत सावकाश केलेल्या हालचालींमुळे स्नायूंना काम मिळतं आणि मनातली धास्तीही उतरते.

‘जन्मभर शेतात राबलो, आता व्यायाम कशाला?’
कारण काम सुटलं की कमावलेली ताकदही हळूहळू जाते. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

सुरुवात कशी करायची?
पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, दोरी वापरून आजारी आणि वयस्कर माणसांनाही आसनं जमतील अशी पद्धत घडवली. घरीही हे करता येईल:

• खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते.
• खुर्चीवरून सावकाश उठा-बसा, ५ ते १० वेळा.
• भिंतीला हात लावून १० सेकंद एका पायावर उभे राहा. मग पाय बदला.
• शेवटी बसून पाच मिनिटं संथ श्वास घ्या. श्वास रोखू नका.

काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून खोल वाकू नका. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं. हे काम नातवंडंही आनंदाने करतील.