त्वचेखालील मनुष्य

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा कलह उत्पन्न झाला. आमचा नातू चित्रकलेच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षास आहे. त्यानें टपालानें एक हातभर उंचीची मूर्ति मागविली होती. खोकें उघडून पाहतों तों आंत उभा पुरुष; परंतु अंगावर कातडें म्हणून नाहीं! मांडीचे, पोटाचे, खांद्याचे सारे स्नायु सुताच्या लडींप्रमाणें उघडे दिसत होते. आमच्या वहिनी त्याच वेळीं देवापुढें सांजवात लावून बाहेर आल्या. त्यांनीं तत्काळ तोंड फिरविलें आणि म्हणाल्या, "परवां लक्ष्मीपूजन, आणि हें प्रेत फडताळांत ठेवणार होय रे?"

"आजी, हें प्रेत नव्हे, पुस्तक आहे," नातू म्हणाला. "हें पाहिल्यावांचून मला साधा हातसुद्धां नीट काढतां येत नाहीं."

दोघांनींही न्याय आमच्याकडे मागितला. जन्मभर रूपें आणि समास शिकविलेल्या मास्तरास या विषयांत काय कळणार? निकाल राखून ठेवून आम्ही वाचावयास बसलों. अलीकडे आपल्या घरांतील मुलेंमुली चित्रकलेकडे वळूं लागलीं आहेत. तेव्हां हा तंटा आज ना उद्यां वाचकांच्याही घरीं उपस्थित होईल, म्हणून जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

अशी मूर्ति मुळांत लागते कशाला, हें प्रथम पाहूं. वाचकांनीं आपला उजवा हात कोपरापाशीं न हलवितां तळवा वर आणि मग खालीं करून पाहावा. तळवा वर असतां कोपरापुढील दोन हाडें शेजारी शेजारी असतात. तळवा खालीं वळतांच अंगठ्याकडील हाड दुसऱ्यावर आडवें येतें, आणि सर्व हाताचा आकार बदलतो. हें आंतील रहस्य ठाऊक नसेल, तर चित्रकार पाहून पाहून काढील, पण त्याचा हात उशीसारखा होईल. जिवंत मनुष्य समोर बसविला तर कातडें आड येतें, आणि तो थकतो. मृत देह घेतला तर तो कुजतो. तेव्हां न थकणारा आणि न कुजणारा असा तिसरा कोणी तरी हवा. तो तिसरा म्हणजे ही मूर्ति. फ्रेंच भाषेंत तिला 'एकोर्शे', म्हणजे सोललेला, असें म्हणतात.

लिओनार्दो दा विंची व मायकेलँजेलो यांनीं स्वतः प्रेतें चिरून हें ज्ञान मिळविलें, हें प्रसिद्धच आहे. परंतु प्रत्येक विद्यार्थ्यास तें कसें साधावें? फ्लॉरेन्सचा चित्रकार चिगोली, जो गॅलिलिओचा स्नेही होता, त्यानें सन 1600 च्या सुमारास सुमारें दोन फूट उंचीचा असा एक पुरुष मेणांत घडविला. पुढें सर्व युरोपांत गाजली ती मात्र हूदों नांवाच्या फ्रेंच शिल्पकाराची मूर्ति. हा 1741 सालीं जन्मला. रोम येथें फ्रेंच अकादमींत शिकत असतां एका चर्चसाठीं संत जॉनचा पुतळा करण्याचें काम त्याच्याकडे आलें. त्यानें एकदम संगमरवरास हात घातला नाहीं. एका शस्त्रवैद्याजवळ बसून मृत देहांचें अवलोकन केलें, आणि 1767 सालीं हात पुढें केलेला एक पुरुषभर उंचीचा, त्वचाहीन संत घडविला. अंगावर घालावयाचें वस्त्र तर राहोच, कातडेंही मागाहून! हूदोंचें वय त्या वेळीं अवघें पंचविशीचें होतें. ही पूर्वतयारीच पुढें अंतिम पुतळ्याहून अधिक नांवाजली. तिच्या प्लास्टरच्या प्रती युरोपांतील कलाशाळांतून गेल्या, आणि असंख्य विद्यार्थी तिच्यावर हात बसवून चित्रकार झाले.

हा प्रसार शक्य झाला तो साच्याच्या युक्तीनें. मूळ मूर्ति शाडूसारख्या मऊ मातीची. तिच्यावर प्लास्टर चढवून सांचा घेतात. परंतु बगल, मांडीचा सांधा, बोटें अशा अडचणीच्या जागीं सांचा अडकतो, म्हणून तो अनेक तुकड्यांचा करावा लागतो. तुकडे जुळवून आंत तेल अगर साबण लावतात, पातळ प्लास्टर ओततात, आणि तें घट्ट झाल्यावर एकेक तुकडा सोडवितात. शिल्पकारानें एकदां केलेले श्रम अशा रीतीनें शेंकडों विद्यार्थ्यांस पुरतात. एकोणिसाव्या शतकांत या प्रतींचा मोठा व्यापार झाला. लंडनमध्यें ब्रुच्यानी नांवाचा इटालियन कारागीर कलाशाळांना प्लास्टरच्या प्रती पुरवीत असे. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 सालीं निघाली. तेथेंही ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन शिकविण्याचा प्रघात पडला.

येथवर वाचून आमचें मत नातवाच्या बाजूनें झुकलें होतें. पण पुढें जें वाचलें त्यानें आम्हीं पुस्तक मिटून ठेविलें.

सन 1776. लंडनच्या रॉयल अकादमींत विल्यम हंटर हे शारीरशास्त्राचे अध्यापक. फांशीं दिलेल्या एका चोरट्या व्यापाऱ्याचा देह त्यांजकडे आला. देह सुडौल होता. म्हणून कातडें काढून, मरणोन्मुख वीराच्या प्राचीन पुतळ्याप्रमाणें त्यास बसवून, कार्लिनी या शिल्पकाराकडून त्याचा सांचा घेण्यांत आला. चोरटा व्यापार करणाऱ्यास इंग्रजींत जो शब्द आहे त्यास लॅटिन शेपूट जोडून विद्यार्थ्यांनीं थट्टेनें त्याचें नांव ठेविलें 'स्मगलेरियस'. त्याच नांवानें तो आजही ओळखला जातो. पुढें 1801 सालीं खुनाबद्दल फांशीं गेलेल्या जेम्स लेग नामक वृद्ध शिपायाचा देह क्रुसावर खिळून, मग सोलून, त्याचा सांचा घेतला गेला. खऱ्या क्रुसावर देह कसा लोंबतो, एवढेंच चित्रकारांस पाहावयाचें होतें!

म्हणजे वहिनी अगदींच चुकल्या नव्हत्या. या विद्येच्या तळाशीं माणसें आहेत, आणि त्यांस कोणीं विचारलें नव्हतें.

मग आपल्या पूर्वजांनीं काय केलें? शवस्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या याच देशांत सुश्रुतानें शरीर कसें पाहावें याची रीति सांगून ठेविली आहे. देह गवतानें वेढून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत एकांत स्थळीं ठेवावा. सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्यानें हळूहळू घासावा, आणि त्वचेपासून एकेक अवयव डोळ्यांनीं पाहावा. शास्त्रांत वाचलेलें आणि प्रत्यक्ष पाहिलेलें, दोन्ही मिळून ज्ञान वाढतें, हा त्याचा अभिप्राय. तात्पर्य, किळस हा ज्ञानाच्या आड येणारा युक्तिवाद आपल्या शास्त्रासही मान्य नव्हता.

मात्र आपल्या मूर्तिकारांनीं तें ज्ञान पाषाणांत उघडें मांडलें नाहीं. त्यांचें माप तालाचें. मुखाची लांबी हें परिमाण धरून सर्व देह रचावयाचा. वेरूळची मूर्ति पाहिली तर स्नायु मोजतां येत नाहींत, पण छातींत श्वास भरलेला जाणवतो. फ्रान्समध्येंही हूदोंच्या त्या मूर्तीच्या आधींच दिदेरो या पंडितानें चित्रकारांस बजावलें होतें कीं, सोललेला पुरुष फार दिवस अभ्यासला तर तो डोळ्यांतून जात नाहीं, आणि मग सुंदर स्त्रीच्या चित्रांतही तोच डोकावूं लागतो. आंतील जाणावें आणि तें जाणून झांकावें, हेंच दोन्हीकडील शहाण्यांचें सांगणें दिसतें.

आज अशा मूर्ति करावयास नव्यानें कोणाचा देह लागत नाहीं. तीन चार शतकांचें ज्ञान ग्रंथांत सांठलें आहे. त्यावरून शिल्पकार मातींत किंवा संगणकावर आकृति घडवितात आणि राळेसारख्या कृत्रिम द्रव्यांत ओततात. घेणारांनीं एवढें पाहावें: प्रतीवरून प्रत काढीत गेल्यास कडा बोथट होतात, आणि दोन स्नायूंमधील खांच बुजते. म्हणून गुडघ्याची मागील बाजू, कोपराची आंतील बाजू आणि खांद्याचा फरा निरखावा व चांगल्या ग्रंथाशीं ताडावा. नवशिक्यास अर्ध्या अंगावर त्वचा ठेविलेली मूर्ति अधिक उपयोगी. वरून दिसणारा उंचवटा आंत कशाचा, हें तींत लागलीच कळतें.

शेवटीं आम्हीं निकाल दिला. मूर्ति देवघरासमोरील फडताळांत नव्हे, माडीवर अभ्यासाच्या मेजावर राहावी. आणि काम करणाऱ्यानें त्या अनाम देहांची थट्टा कधीं करूं नये. नातवानें तें मान्य केलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही माडीवर गेलों, तों वहिनी मेजाजवळ बसलेल्या. जिना चढतांना गुडघ्यांत कळ येते ती नेमकी कोठून, हें नातू मूर्तीवर पेन्सिलीनें दाखवीत होता. त्यांनीं सर्व लक्षपूर्वक ऐकलें. उठतां उठतां म्हणाल्या, "दसऱ्याला पुस्तकांबरोबर यालाही पाटावर मांड हो. पण आधीं कमरेला एक फडकें गुंडाळ."