‘स्केअर’, ‘थ्रेट’ की ‘इंटिमिडेशन’? भीती दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांत फरक काय?

फोनवरचा ‘अधिकारी’ हिंदीत बोलत असतो, पण ऐन मोक्याचे शब्द इंग्रजीत येतात. ‘मनी लाँडरिंग’, ‘नॉन-बेलेबल वॉरंट’, ‘डिजिटल अरेस्ट’. शब्द कानावरून गेलेले असतात, अर्थ पक्का माहीत नसतो आणि तेवढ्यात घाम फुटतो. सायबर भामट्यांना नेमकं हेच हवं असतं. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाहीच, हे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. तरीही शब्द आपलं काम करतोच. मग भीतीच्या आणि भीती घालण्याच्या या इंग्रजी शब्दांचा खरा अर्थ काय?

‘स्केअर’ आणि ‘थ्रेटन’ एकच का?

नाही. ‘स्केअर’ आणि ‘फ्राइटन’ हे शब्द घाबरणाऱ्याचं काय झालं ते सांगतात. वीज कडाडली, कुत्रं भुंकलं, तरी माणूस ‘स्केअर्ड’ होतो. त्यात कुणाचा हेतू असावाच लागतो असं नाही. ‘टेरिफाय’ ही त्याच्या पुढची पायरी, पाचावर धारण बसते ती.

‘थ्रेटन’ मात्र घाबरवणाऱ्याची कृती सांगतो. समोरचा हसून निघून गेला तरी दिलेली धमकी ही धमकीच. ‘इंटिमिडेट’मध्ये आणखी एक गोष्ट येते. धाक घालून काहीतरी करून घ्यायचं किंवा करू द्यायचं नाही. त्यासाठी तोंड उघडावंच लागतं असंही नाही, चार जण रोज दारासमोर नुसते उभे राहिले तरी पुरतं. आपल्याकडे यालाच धाकदपटशा म्हणतात.

कायदा कोणता शब्द धरतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये शब्द आहे ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’. शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला इजा करण्याची धमकी, आणि त्यामागे घाबरवण्याचा किंवा मनाविरुद्ध काही करायला लावण्याचा हेतू, असा हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. धमकी जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव-पत्ता लपवून धमकावलं, तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या याच गुन्ह्याबाबत, एक मुद्दा स्पष्ट केला होता. धमकावणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा, समोरचा प्रत्यक्षात घाबरला की नाही हे नाही. म्हणजे ‘तू कुठे घाबरलास?’ हा बचाव होत नाही. उलट बाजूने, हेतू दिसत नसेल तर नुसत्या तावातावाच्या बोलण्यावर हे कलम लागेलच असंही नाही.

म्हणून तक्रारीत ‘मला खूप भीती वाटली’ एवढंच लिहून भागत नाही. समोरचा नेमके कोणते शब्द बोलला, कधी, कोणत्या नंबरवरून आणि त्या बदल्यात काय मागितलं, हे लिहावं. भीती घालून पैसे उकळले असतील तर शब्द बदलतो: ‘एक्स्टॉर्शन’, कलम ३०८. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं.

‘ब्लॅकमेल’मधलं ‘मेल’ कुठलं?

ई-मेलचा इथे काही संबंध नाही. स्कॉटलंडकडे ‘मेल’ म्हणजे खंड, कर. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरचे शेतकरी लुटारू टोळ्यांना ‘आम्हाला लुटू नका’ म्हणून जे देत, ते ब्लॅकमेल. आपली ‘खंडणी’ही अशीच उतरत आली. मराठेशाहीत ती राजकीय वसुली होती, आज ती थेट पोलिस ठाण्यात पोहोचते.

असे चकवे आणखी आहेत. ‘अ‍ॅप्रिहेन्शन’ म्हणजे मनातली धास्ती आणि पोलिसांनी केलेली अटकही. मूळ लॅटिन अर्थ ‘पकडणे’. ‘बुली’ हा शब्द तर सोळाव्या शतकात चक्क ‘लाडक्या’ या अर्थाने वापरत. आणि ‘टेररिस्ट’ हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९३-९४ मध्ये दहशतीने राज्य करणाऱ्या सत्ताधाऱ्यांसाठी घडला. दहशतवादी म्हणजे सरकारविरोधी, हा अर्थ नंतरचा.

फोनवर येणारं ‘स्केअरवेअर’ काय असतं?

‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले’ अशी लाल खिडकी एखाद्या वेबसाइटवर अचानक उघडते, ते हेच. घाबरून तुम्ही त्यांचं अ‍ॅप घ्यावं, हा त्यामागचा डाव. ब्राउझरमध्ये उघडलेल्या साध्या वेबपानाला तुमचा अख्खा फोन तपासताच येत नाही, त्यामुळे तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. टॅब बंद करा, ‘ओके’वर बोट नेऊ नका.

मग ऑफिसच्या मेलमधलं ‘आय अ‍ॅम अफ्रेड’?

तिथे कुणीही घाबरलेलं नसतं. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’नंतर तुमच्या रजेचा उल्लेख आला, तर बॉस भ्यायलेला नाही, रजा नामंजूर झाली आहे.