कर्नल कुणाचा, आणि सांभाळणार कोण?

रत्नागिरीत एखादे उपकरण उघड्यावर बसवायचे तर खारा वारा, पावसाळ्यातली वीज आणि डोंगरावरच्या बागेपर्यंतची वाट, या तिन्हींचा विचार आधी करावा लागतो. हवामानाधारित फळपीक विम्यात आंबा बागायतदाराची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, त्यामुळे यंत्र बंद पडणे म्हणजे किरकोळ अडचण नव्हे. पेटी गंजू नये म्हणून सगळे जपतात. आतल्या सॉफ्टवेअरची निगा मात्र सहसा कुणाच्याच नावावर नसते.

राउटर, कॅमेरे, रास्पबेरी पायसारखे बोर्ड यांत बहुधा लिनक्स चालते आणि त्याचा गाभा म्हणजे कर्नल. तो दोन वाटांनी मिळतो. एक, लिनस टोरवाल्ड्स यांच्या देखरेखीखाली जगभरच्या समुदायाने घडवलेला मुख्य कर्नल. दुसरा, चिप किंवा बोर्ड विकणाऱ्या कंपनीने त्यात फेरफार करून दिलेला. आपल्या तंत्रनिकेतनातून, अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून स्वतःचे उपकरण बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाने या दोहोंविषयीचे गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज: प्रत्येक छोट्या यंत्रात लिनक्स असते.
वस्तुस्थिती: मूळच्या आर्डुइनो उनोमध्ये कामाची मेमरी फक्त 2 केबी असते, तिथे लिनक्स मावतच नाही. ईएसपी32 या चिपवर बहुधा फ्रीआरटीओएस ही छोटी कार्यप्रणाली चालते. तासातासाला तापमान नोंदवून पाठवायचे असेल तर एवढे पुरते, आणि कर्नल सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही. गरज नसेल तिथे लिनक्स घेऊच नये.

गैरसमज: कंपनीने दिलेला कर्नल जास्त भरवशाचा, कारण चिप तिचीच आहे.
वस्तुस्थिती: चिप बाजारात येते तेव्हा अनेकदा तिचे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये पोचलेले नसतात. म्हणून कंपनी एखादी आवृत्ती घेते, तिच्यावर आपले शेकडो-हजारो बदल चढवते आणि बोर्डाबरोबर देते. हे बदल समुदायातल्या जाणकारांच्या नजरेखालून गेलेलेच असतात असे नाही. 2016 मध्ये ऑलविनर या चिप कंपनीच्या, 3.4 आवृत्तीवर आधारलेल्या कर्नलमध्ये तपासणीसाठीचा एक कोड राहून गेल्याचे उघड झाले. एका फाइलीत ठरावीक शब्द लिहिला की कोणत्याही प्रोग्रामला यंत्राचा पूर्ण ताबा मिळत असे. मुख्य कर्नलमध्ये तो कोड कधीच नव्हता. सगळ्या कंपन्या अशा नाहीत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या काही कंपन्या आपले काम सातत्याने मुख्य कर्नलकडे पाठवतात. म्हणून चिपइतकीच कंपनीची सवयही तपासावी.

गैरसमज: मग मुख्य कर्नल टाकला की काम झाले.
वस्तुस्थिती: बोर्ड सुरू होईल, पण कॅमेरा, व्हिडिओ किंवा वीजबचत चालेलच असे नाही. रास्पबेरी पाय 5 ऑक्टोबर 2023 मध्ये विक्रीला आला. त्यातली आरपी1 ही चिप यूएसबी, इथरनेट आणि जोडणीच्या पिना सांभाळते. तिच्यासाठीचा कोड मुख्य कर्नलमध्ये पोचायला बराच काळ लागला. तोवर कंपनीचाच कर्नल वापरणे शहाणपणाचे होते. आपल्या उपकरणाला बोर्डातले नेमके कोणते भाग लागतात त्याची यादी करावी, आणि ते सगळे मुख्य कर्नलवर चालत असतील तरच तिकडे वळावे.

गैरसमज: आकडा मोठा तर कर्नल सुरक्षित, लहान तर धोक्याचा.
वस्तुस्थिती: 2022 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये ‘डर्टी पाइप’ नावाची खोट सापडली. फक्त वाचायची मुभा असलेल्या फाइलीतही साध्या वापरकर्त्याला तिच्यामुळे लिहिता येत असे. ही खोट 5.8 या आवृत्तीत शिरली होती, त्यामुळे त्याआधीच्या 5.4 ला तिची झळ बसली नाही. दुरुस्ती 5.16.11, 5.15.25 आणि 5.10.102 मध्ये आली. म्हणजे 5.10.102 सुरक्षित आणि दिसायला नवा असलेला 5.16.10 असुरक्षित! खरी माहिती तिसऱ्या आकड्यात असते, कारण दुरुस्त्या 5.10 सारख्या मागच्या शाखांतही आणल्या जातात. कंपनीचा कर्नल 5.10 वर आधारलेला आहे एवढे कळून भागत नाही. ती पुढच्या दुरुस्त्या घेते की पहिल्या दिवशीच्या आकड्यावर थांबली आहे, हे विचारायला हवे.

गैरसमज: एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा कर्नल, घेतला की चिंता मिटली.
वस्तुस्थिती: 2017 मध्ये काही शाखांसाठी दुरुस्त्या मिळण्याची ही मुदत सहा वर्षांवर नेली गेली. 2023 मध्ये ती नव्या शाखांसाठी पुन्हा दोन वर्षांकडे आणण्याचे जाहीर झाले, कारण सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांवर भार फार होता. पूल, रेल्वे, वीज यांच्या यंत्रणांना एवढे पुरत नाही. त्यासाठी 2016 मध्ये ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा प्रकल्प सुरू झाला. निवडक शाखा किमान दहा वर्षे सांभाळणे हे त्याचे काम आहे.

गैरसमज: चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?
वस्तुस्थिती: 32 बिटांवर वेळ मोजणाऱ्या यंत्रांचा आकडा 19 जानेवारी 2038 रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी संपतो. 32 बिटांच्या यंत्रांसाठी यावरची तयारी मार्च 2020 च्या 5.6 कर्नलमध्ये पूर्णत्वाला आली, आणि वरचे प्रोग्रामही त्यानुसार बांधावे लागतात. आज बसवलेले उपकरण पंधरा वर्षे चालावे अशी अपेक्षा असेल, तर ही तारीख त्याच्या आयुष्यातच येणार आहे.

गैरसमज: आतला कोड ही कंपनीची खासगी बाब.
वस्तुस्थिती: लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. कर्नल असलेले उपकरण विकत घेणाऱ्याला त्याचा बदललेला स्रोतकोड मागण्याचा हक्क आहे. तो जरूर मागावा. पण कोड हाती आला म्हणजे दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, त्या कुणीतरी कराव्याच लागतात.

म्हणून बोर्ड घेण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: कर्नल कोणत्या शाखेवर आहे, शेवटची दुरुस्ती कधी आली, आणि किती वर्षे येत राहणार? उत्तर लेखी घ्यावे. अद्ययावत करताना वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहावी म्हणून साठवणुकीत दोन स्वतंत्र विभाग ठेवावेत. स्वतः केलेले बदल कमीत कमी ठेवावेत आणि जमतील ते मुख्य कर्नलकडे पाठवावेत. मुख्य कर्नलपासूनचे अंतर जितके कमी, तितका पुढचा खर्च कमी. तो खर्च पेलणाऱ्या माणसाचे नाव उपकरण बसवण्याच्या दिवशीच ठरलेले असायला हवे.