ऑर्काने पास केलं, तरी इन्स्टॉल का अडतं?

विंडोजसाठी सॉफ्टवेअर पॅकेज तयार करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "ऑर्कात व्हॅलिडेट केलंय, एकही एरर नाही. प्रॉब्लेम युझरच्या मशीनमध्येच असणार." ऑर्का हे मायक्रोसॉफ्टचं छोटं, दिसायला जुनाट टूल. विंडोज एसडीकेबरोबर ते फुकट मिळतं आणि गंमत म्हणजे स्वतःही एमएसआय फाइलमधूनच इन्स्टॉल होतं. त्याच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज एमएसआय म्हणजे काय, इथूनच सुरू होतात.

डबल-क्लिक केल्यावर इन्स्टॉल सुरू होतं, म्हणून एमएसआय हा प्रोग्राम किंवा झिपसारखा गठ्ठा वाटतो. प्रत्यक्षात तो रिलेशनल डेटाबेस आहे. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला, तेव्हापासून त्याची ठेवण हीच आहे. ऑर्कात फाइल उघडली की डावीकडे टेबलांची यादी आणि उजवीकडे निवडलेल्या टेबलाच्या ओळी दिसतात. 'फाइल', 'कंपोनंट', 'रजिस्ट्री', 'प्रॉपर्टी' ही त्यातली रोजच्या कामाची टेबलं. 'इन्स्टॉल एक्झिक्यूट सिक्वेन्स'मध्ये प्रत्येक कृतीला क्रमांक असतो: सहसा फाइल कॉपी करणं ४००० वर आणि शेवटची कृती ६६०० वर. ही टेबलं वाचून प्रत्यक्ष काम करणारा विंडोज इन्स्टॉलर आधीच मशीनवर बसलेला असतो.

ऑर्का पॅकेज बनवतं, हाही अर्धवट समज. नवीन रिकामी टेबलं त्यात उघडता येतात, पण शेकडो फाइल गोळा करून, दाबून, प्रत्येकीची नोंद हाताने करत बसायला कुणाला वेळ आहे? ते काम विक्ससारख्या टूलचं. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये ओपन सोर्स केलेलं हे टूल एक्सएमएलमधल्या वर्णनावरून एमएसआय बांधून देतं. ऑर्का खरं उपयोगी पडतं ते बनलेलं पॅकेज उघडून बघायला, दुरुस्त करायला आणि तपासायला.

आता त्या 'एकही एरर नाही'कडे. ऑर्कातलं व्हॅलिडेशन म्हणजे 'आइस' नावाच्या चाचण्यांची रांग: इंटर्नल कन्सिस्टन्सी इव्हॅल्युएटर्स. त्या कब फाइलमध्ये साठवलेल्या असतात आणि कब फाइलही डेटाबेसच. चाचणी ०३ टेबलांतली माहिती योग्य प्रकारची आहे का आणि एका टेबलातून दुसऱ्याकडे दाखवलेली बोटं जागेवर पोचतात का, हे बघते. ०८ दोन कंपोनंटना चुकून एकच ओळख-क्रमांक दिलाय का, हे शोधते. ३० दोन वेगळ्या कंपोनंटमधून एकच फाइल एकाच फोल्डरमध्ये पडते आहे का, ते पकडते. हे सगळं मोलाचं आहे, पण ते टेबलांपुरतंच. लग्नपत्रिकेचं प्रूफ बिनचूक असलं म्हणून हॉल बुक झालेला असतोच असं नाही.

पॅकेजात कुणी स्वतःची स्क्रिप्ट 'कस्टम अ‍ॅक्शन' म्हणून घातली असेल, तर ती आत काय उद्योग करते हे आइस चाचण्या बघत नाहीत. मशीनवर अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत का, जुनी आवृत्ती अर्धवट उरली आहे का, हेही त्यांना ठाऊक नसतं. त्यामुळे स्वच्छ व्हर्च्युअल मशीनवर इन्स्टॉल, रिपेअर आणि अनइन्स्टॉल तिन्ही करून बघण्याला पर्याय नाही. इन्स्टॉल करताना '१६०३' हा एरर कोड आला, तर तो आकडा गूगलवर शोधण्यात फारसा अर्थ नाही. तो फक्त 'मोठी चूक झाली' एवढंच सांगतो. सविस्तर लॉग काढून त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधावं. खरं कारण बहुधा त्याच्या वरच्या काही ओळींत सापडतं. उलटही खरं: आइसच्या वॉर्निंग असलेलं पॅकेज सुरळीत बसू शकतं. प्रत्येक वॉर्निंग वाचावी. प्रत्येक वेळी घाबरू नये.

कंपनीकडून आलेला एमएसआय थेट ऑर्कात बदलून सेव्ह करणं ही मात्र वाईट सवय. फाइलवर डिजिटल सही असेल तर ती तिथेच बाद होते. त्यासाठी ट्रान्सफॉर्म आहे: मेन्यूतून नवा ट्रान्सफॉर्म सुरू करायचा, हवे ते बदल करायचे (ते हिरव्या खुणेने दिसतात) आणि फक्त फरक एमएसटी फाइलमध्ये साठवायचा. मूळ पॅकेज जसंच्या तसं राहतं आणि काय बदललं हे पुढच्या माणसालाही कळतं.

सर्वांत चकवणारा गैरसमज आवृत्तीच्या आकड्याचा. २.१.०.४ नंतर २.१.०.५ दिलं की अपग्रेड होणार, असं वाटतं. पण आवृत्त्यांची तुलना करताना विंडोज इन्स्टॉलर पहिले तीनच आकडे धरतो, चौथा सोडून देतो. प्रॉडक्ट कोड नवा असेल, तर जुनी आवृत्ती निघत नाही, नवी शेजारी बसते आणि कंट्रोल पॅनेलच्या यादीत एकाच सॉफ्टवेअरच्या दोन नोंदी दिसतात. ऑर्कात 'प्रॉपर्टी' टेबल उघडून तिसरा आकडा वाढलाय का, हे बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.